चंद्रभागा: न झालेल्या इंजिनाचं ड्रॉइंग

“हे इंजिन आहे कुठं?” बायकोनं विचारलं.

“कुठंच नाही.”

“पूर्वी होतं?”

“नव्हतं.”

“मग अहो, रात्री एक वाजेपर्यंत अर्ध्या सुतासाठी तुमचं भांडण चाललंय ते कुणाशी?”

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. प्रश्न रास्त होता. तेव्हा मी नुसता हसलो, कारण उत्तर मलाच माहीत नव्हतं.

मी ड्राफ्ट्समन. भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी झाली. पहिली बारा-तेरा वर्षं बोर्डावर, बाकीची कॉम्प्युटरवर. जन्मभर गिअरबॉक्सची कव्हरं, कन्व्हेयरच्या चौकटी आणि मोटरींच्या बैठका काढल्या. ठरवायचं दुसऱ्यांनी, मी मापं टाकायची. निवृत्त झालो आणि माळ्यावरचा बोर्ड खाली काढला. रेषा आखायचा मिनीड्राफ्टर ढिला पडला होता, रोटरिंग पेनांत शाईचा दगड झाला होता. रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवून तीन पेनं वाचली. ०.२ मिलिमीटर रेघेचं गेलं ते गेलंच, नवीन आणावं लागलं. रेल्वेचं वाफेचं एक अख्खं इंजिन काढायचं, कुणाचं बघून नाही, आपलं स्वतःचं, एवढं मनात पक्कं होतं.

पहिल्या आठवड्यात जे काढलं ते दाखवायची लाज वाटते. माणसापेक्षा उंच चाकं, लांबलचक बॉयलर, पुढं माशासारखं निमुळतं तोंड. दिसायला झकास. पण हे ओढणार काय, कुठल्या रुळावरून जाणार, कोळसा कुठून येणार, याचा पत्ता नाही. दिवाळीला वाण्याकडून मिळणाऱ्या कॅलेंडरवर शोभलं असतं. सरळ फाडलं. मला लगाम हवा होता, आणि तो आजोळी सापडला.

आजोळ बार्शीचं. लहानपणी पुण्याहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरायचं आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसायचं. आम्ही तिला ‘बार्शी लाईट’च म्हणायचो. लाईट कशामुळे ते कधी विचारलं नाही. गाडी छोटी म्हणून लाईट, असंच वाटायचं. ड्रॉइंगच्या निमित्तानं शोधायला लागलो तेव्हा कळलं की त्या ‘लाईट’मध्ये सगळं शास्त्र भरलेलं आहे.

ही लाईन एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातून निघाली. माणूस आधी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बार्शीपर्यंत गाडी १८९७ साली आली, पंढरपूरला १९०६ मध्ये, लातूरला १९११ मध्ये आणि मिरजेला १९२७ मध्ये. काल्थ्रॉपचा हट्ट असा की कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसते त्या दांड्यावर, ५ टनांच्या वर भार नको, मग ते इंजिन असो नाहीतर मालाची वाघीण. सगळ्यांचा भार सारखा ठेवला की दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात, पूल हलके होतात, लाईन स्वस्तात पडते. इंजिन एकटंच जड केलं तर त्या एका इंजिनापायी अख्ख्या लाईनला जाड रूळ घालावे लागतात. हिशेब इतका साधा आहे, पण त्याआधी फारसं कुणी तो इतक्या कडकपणे पाळला नव्हता. (हाच माणूस पुढं पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. त्याचं ‘गार्डियन एंजल’ पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. वजनाची चिंता त्याला जन्माची असावी.) सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीनं बांधली. आठ चालती चाकं, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारी, मागं चार छोटी. वजन सहा आसांवर वाटलेलं.

मग मी माझ्यासाठी नियम घातले. रूळ ७६२ मिलिमीटर. आसावर ५ टन, त्यापुढं एक पौंड नाही. साल १९२८, म्हणजे मिरजेपर्यंत लाईन नुकतीच पोचली आहे आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना दुप्पट डबे जोडायचेत. त्या साली कारखान्यात जे सर्रास होत नव्हतं ते माझ्या इंजिनात नको. म्हणजे वेल्डिंग नाही, सगळं रिव्हेटचं. नाव ‘चंद्रभागा’.

आता ५ टनांच्या आत राहून जास्त ओढायचं तर आस वाढवायला हवेत. आस वाढवले की इंजिन लांब होतं, आणि लांब इंजिन वळणावर अडतं. यावर हर्बर्ट गॅरेट या इंग्रज इंजिनिअरनं काढलेला तोडगा फार देखणा आहे. दोन छोटी इंजिनं एकमेकांकडे पाठ करून लांब उभी करायची आणि मध्ये पालखीसारखा बॉयलर टांगायचा. पुढच्या इंजिनावर पाण्याची टाकी, मागच्यावर कोळसा आणि आणखी पाणी. बॉयलर दोन्हींवर खुंटीसारख्या पिव्हटवर टेकलेला. पहिलं गॅरेट मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात १९०९ साली तयार झालं आणि टास्मानियातल्या २ फुटी लाईनवर गेलं. वळणावर दोन्ही टोकं रुळांबरोबर वळतात आणि बॉयलर धनुष्याच्या दोरीसारखा आतल्या बाजूला सरकतो. किती सरकतो ते काढलं. पिव्हटमधलं अंतर २२ फूट, वळणाची त्रिज्या मी ३०० फूट धरली. मधोमध जवळजवळ अडीच इंच. एवढ्याशा आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. पुठ्ठा कापला, टाचण्या लावल्या आणि जेवणाच्या टेबलावर खडूनं वळण आखून तो सरकवला. बरोबर. दोरी आत सरकत होती.

बॉयलर चाकांच्या वर नसून चाकांच्या मध्ये टांगलेला, याचा दुसरा फायदा आगीला. छोट्या गेजवर चौकट चाकांच्या आतून घेतली तर भट्टी त्या दोन पत्र्यांत कोंबावी लागते. भट्टीच्या बाजूचं पाणी धरलं तर कोळसा जळतो त्या जाळीला रुंदी जेमतेम दीड फूट उरते. गॅरेटमध्ये भट्टीखाली चाकच नसतं. मी जाळी ४ फूट रुंद आणि साडेचार फूट लांब घेतली. १८ चौरस फूट. एका फायरमनच्या हाताला झेपेल अशी.

चाकांची मांडणी २-६-२+२-६-२, म्हणजे प्रत्येक इंजिनाला पुढं दोन छोटी, मध्ये सहा चालती आणि मागं दोन छोटी चाकं. दहा आस, पन्नास टन. त्यांतले सहा चालते, म्हणजे ओढायला उपयोगी पडणारं वजन ३० टन. इथपर्यंत मी खुशीत होतो.

पहिली मोठी चूक सिलिंडरात झाली. १२ इंच व्यासाचे चार सिलिंडर काढले, कारण कागदावर ते भरदार दिसत होते. फक्त एवढंच कारण. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १६ इंच, चाकं ३० इंची, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १६० पौंड. ओढ काढायचं सूत्र सोपं: दाबाचे ८५ टक्के, गुणिले सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, भागिले चाकाचा व्यास, आणि गॅरेटला दोन इंजिनं म्हणून दुप्पट. उत्तर आलं २०,८९० पौंड. मी मिशीला पीळ दिला. मग ३० टनांचे पौंड केले (इंग्रजी टन २,२४० पौंडांचा), ६७,२००, आणि भागून बघितलं. ३.२.

हा आकडा ४ च्या वर हवा. चाकाची रुळावर पकड किती, ते यावरून कळतं. ४ च्या खाली उतरलात की वाफ सोडायचा रेग्युलेटर उघडल्याबरोबर चाकं जागच्या जागी गरगर फिरणार आणि गाडी तिथंच. तीही पावसाळ्यात, ओल्या रुळावर, आषाढीच्या गर्दीत. माझं इंजिन पंढरपूरच्या फलाटावर उभं राहून नुसतं नाचलं असतं.

तीन संध्याकाळी व्यास कमी करत बसलो. साडेदहा इंचांवर १५,९९४ आलं. गुणोत्तर ४.२. सिलिंडर खोडून पुन्हा काढले तेव्हा इंजिनाचा चेहराच बदलला. दंड बारीक झाले. मला ते आधी आवडलं नाही. आठवड्यानं मोठे सिलिंडर आठवून बघितले तर तेच सुजल्यासारखे वाटायला लागले.

स्ट्रोक वाढवून ओढ मिळवावी, हाही मोह होता. पण ३० इंची चाकाचा मध्य रुळापासून १५ इंचांवर. स्ट्रोक १६ म्हणजे चाकावरची क्रँकपिन मध्यापासून ८ इंच खाली येते, आणि तिच्याभोवतीचं कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनकडून येणाऱ्या दांड्याचं, डोकं आणखी ३ इंच. उरले चार. दर फेऱ्याला लोखंडाचा तो गोळा रुळापासून चार बोटांवरून झपकन जाणार. फाटकातल्या रस्त्यावर कुणी दगड टाकून ठेवला असेल तर? स्ट्रोक तसाच राहिला.

बॉयलर मला बंबामुळे समजला. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधून नळा, नळ्यात निखारे, भोवती पाणी, खाली राखेची जागा, वर धूर. आई आंघोळीच्या आधी नळ्यात गोवऱ्यांचे तुकडे टाकायची आणि तोटीखाली हात धरून अंदाज घ्यायची. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा झोपवलेला बंब. फरक इतकाच की एका नळ्याऐवजी शंभर नळ्या. मी दोन इंची १०० नळ्या घेतल्या, ९ फूट लांबीच्या. नुसत्या त्यांचंच पृष्ठफळ ४७० चौरस फुटांच्या आसपास जातं. शिवाय वाफ आणखी तापवायला सुपरहीटरच्या जाड नळ्या १२. बंबात एकच नळा असल्यामुळे निम्मी उष्णता न्हाणीघराच्या छतालाच जायची, हे मला साठीत कळलं.

पत्र्याची जाडीही रीतसर काढली. ४ फूट व्यास, १६० पौंड दाब, पोलादाच्या ताकदीचा पाचवा हिस्सा वापरायचा, रिव्हेटच्या जोडाला ८५ टक्के धरायचं. उत्तर तीन सुतांपेक्षा केसभर जास्त. साडेतीन सूत घेतलं. बायकोनं ज्याला भांडण म्हटलं ते हे अर्धं सूत. तीन घेतलं असतं तर वजन वाचलं असतं आणि वजनाची मारामार होतीच. पण १९२८ सालचा कुठलाही बॉयलर इन्स्पेक्टर काठावरचा पत्रा पास करणार नाही, हे मला मनोमन पटलेलं. तो इन्स्पेक्टर माझ्या डोक्यातच बसला होता आणि तो आमच्या जुन्या चीफ ड्राफ्ट्समनसारखा दिसायचा.

वजनासाठी एक्सेलचं कोष्टक केलं. हे काम कंटाळवाणं आहे. एक इंच जाड, एक चौरस फूट पत्रा म्हणजे ४०.८ पौंड, हा आकडा मला आता स्वप्नात येतो. भाग, मापं, वजन, पुढच्या पिव्हटपासून अंतर. दोनशे ओळी झाल्यावर बेरीज बघितली तर ५६ टन. सहा टन जास्त! काय काय कापलं? बॉयलर आधी साडेचार फुटी होता तो ४ चा केला. पाणी १३०० गॅलनांवरून १०००. कोळसा अडीच टनांवरून दोन. चौकटीचा पत्रा सात सुतांचा सहा सूत. केबिनच्या छताला मी कौतुकानं दुहेरी पत्रा दिला होता, सोलापूरकडचा उन्हाळा म्हणून. तो मात्र ठेवला. कापाकापीत एक गोष्ट लक्षात आली ती अशी की गॅरेटचं पाणी म्हणजेच त्याची पकड. १००० गॅलन पाण्याचं वजन साडेचार टन. टाक्या रिकाम्या होत जातात तसतसं इंजिन हलकं होतं आणि चाकं घसरायला लागतात. म्हणजे खरी परीक्षा निघताना नाही, प्रवासाच्या शेवटी.

या सगळ्यात एक दिवस मोठा दणका बसला. सिएरा लिओनची माहिती हाती आली. पश्चिम आफ्रिकेतला तो देश, रेल्वे २ फूट ६ इंचांची, रूळ हलके, आणि १९२६ सालापासून तिथं बेयर-पीकॉकची गॅरेटं धावत होती. मांडणी? २-६-२+२-६-२. माझी. म्हणजे त्यांची. त्या दिवशी जेवणही गोड लागलं नाही. तीन महिने राबून मी जे शोधलं ते मँचेस्टरच्या कुणा ड्राफ्ट्समननं माझ्या जन्माआधीच काढून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र उलटं वाटायला लागलं. अडचण तीच असेल तर माणसं त्याच उत्तराशी येऊन पोचणार, त्यात चोरी कसली! माझं गणित बरोबर होतं, याची याहून मोठी पावती मिळाली नसती. त्या इंजिनांचे फोटो मात्र मी मुद्दाम बघितले नाहीत, ड्रॉइंग पुरं होईस्तोवर.

त्यानंतर वॉलशार्टची यंत्रणा. वाफेच्या इंजिनाच्या चाकांवर ज्या दांड्यांची लगबग दिसते ती ही. एजिड वॉलशार्ट या बेल्जियन कारागिरानं १८४४ साली काढली. पिस्टनच्या कुठल्या बाजूला, कधी, किती वाफ सोडायची, हे या दांड्या ठरवतात. आणि ड्रायव्हरनं लिव्हर मागं घेतला की तीच यंत्रणा इंजिन उलटं चालवते. चित्रं काढणारे बहुतेक जण इथंच घोटाळा करतात. दांड्या दिसायला हव्यात म्हणून काढतात, त्या हलतील की नाही हे बघत नाहीत.

मी तरी कुठं बघितलं होतं? एका जुन्या फोटोवरून मांडणी उचलली आणि शाई करायच्या आधी, केवळ सवय म्हणून, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यातल्या जाड सोनेरी पत्रिका कापल्या. एका दांडीवर ‘श्री गणेशाय नमः’, दुसरीवर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. सांध्यांना पितळी दुपायी पिना, त्या पाकिटाला लावायच्या. चाक पुठ्ठ्याचं. लिव्हर पुढं ठेवला, चाक हातानं पुढच्या दिशेला फिरवलं. पिस्टन पुढच्या टोकाला पोचला, परत फिरला, आणि व्हॉल्व्ह जाऊन उलट्याच बाजूला वाफ सोडून बसला. पुन्हा फिरवलं. तेच. लिव्हर पुढं आणि इंजिन मागं.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग उमगलं. फोटोतल्या इंजिनाला जुन्या पद्धतीचे सपाट स्लाइड व्हॉल्व्ह होते. त्यांत वाफ व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कडेनं आत शिरते. माझ्या इंजिनात सुपरहीटर, म्हणजे वाफ कडक तापलेली. तिच्यात सपाट व्हॉल्व्हला वंगण टिकत नाही, म्हणून मी गोल पिस्टन व्हॉल्व्ह घेतले होते. त्यांत वाफ आतल्या कडेनं येते. त्यासाठी मोठ्या क्रँकवर बसवलेला तो छोटा उलटा क्रँक पुढं असण्याऐवजी काटकोनात मागं असायला हवा. मी एकीचा जावई दुसरीच्या मांडवात बसवला होता. क्रँक फिरवला, ‘श्रीकृपेकरून’ पुन्हा पिनेत अडकवलं, चाक फिरवलं. व्हॉल्व्ह बरोबर वेळेवर उघडला. मग मी तासभर ते फिरवतच बसलो. लिव्हर मधे आणला की व्हॉल्व्ह थोडासाच हलतो, मागं नेला की सगळी चाल उलटते. नातू शेजारी येऊन बसला, त्यानंही फिरवलं, आणि एक पिन तोंडात घातली. मॉडेल तिथं संपलं.

गॅरेटमध्ये आणखी एक गंमत आहे. दोन इंजिनं पाठमोरी, त्यामुळे गाडी पुढं चालली की एक आपल्या हिशेबानं पुढं चाललेलं असतं आणि दुसरं मागं. तेव्हा एकाच लिव्हरनं एकीकडची दांडी खाली आणि दुसरीकडची वर जायला हवी. ते जमवताना दोन रविवार गेले, त्याबद्दल जास्त सांगत नाही.

स्केल फुटाला अर्धा इंच घेतलं, एकास चोवीस. ४५ फुटी इंजिन साडेबावीस इंचात, ए-१ कागदावर व्यवस्थित. बाजूचं दृश्य, वरचं, आणि समोरचं. आधी पेन्सिल, मग त्यावर ट्रेसिंग पेपर आणि शाई. आधी गोल, मग वळणं, सरळ रेषा सगळ्यात शेवटी; कारण सरळ रेषा वळणाला जाऊन मिळवता येते, वळण रेषेला मिळवायला गेलं की सांधा दिसतो. हे पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि हात ते विसरला नव्हता. डोळे मात्र विसरले होते. चष्मा असूनही टेबललॅम्प आणि भिंग लागलं.

रिव्हेट. वेल्डिंग नको हा नियम मीच घातलेला, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? सव्वा इंची डोकं या स्केलला सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं, दोन डोक्यांत अंतर अडीचपेक्षा कमी. टाकीच्या एका कडेलाच ओळीनं पन्नासेक. पहिल्या दिवशी मी प्रत्येक रिव्हेट स्टेन्सिलनं गोल काढला. संध्याकाळी लांबून बघितलं तर टाकीला गोवर आल्यासारखा. कागदावर सगळे रिव्हेट सारख्याच ठळक रेषेत आले की पत्रा नाहीसा होतो आणि नुसते ठिपके उरतात. सगळे खरवडले. ट्रेसिंगवरची शाई काढायला अर्धं ब्लेड आडवं धरून हळूहळू खरवडायचं, मग ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवीन शाई फुटते. अंगठ्याचं नख काळं झालं ते आठवडाभर तसंच होतं. नंतर उजेडाच्या बाजूला नुसता अर्धा चंद्र काढला, ०.२ नं. टाकी पुन्हा पत्र्याची दिसायला लागली.

केबिन काढताना हॉलमध्ये खडूनं जमीन आखली. साडेसहा फूट रुंद. भट्टीचं दार म्हणून पाटाचा तुकडा टेकवला, कोळशाच्या जागी रद्दी, हातात केरसुणी. ड्रायव्हर म्हणून बायकोला स्टुलावर बसवलं. मी केरसुणी मागं नेली, वळलो, आणि दांडा तिच्या कोपराला लागला.

“अगं, थोडी पलीकडे सरक ना.”

“पलीकडे खिडकी आहे म्हणालात ना मघाशी? आणि ते पाणी सोडायचं चाक कुठंय?”

“इंजेक्टर? तुझ्या पाठीमागं.”

“म्हणजे पाणी सोडायला मी गाडीकडे पाठ करायची? ओट्यावर दूध ठेवून पाठ फिरवतं का कुणी?”

इंजेक्टरची मूठ पुढं आली. स्टूल चार इंच सरकलं, खिडकीही सरकली. त्या बदलामुळे बाजूच्या दृश्यातली केबिन जरा पुढं झुकल्यासारखी दिसते. मला ती आवडते.

सहाव्या महिन्यात प्रिंट काढली. पूर्वी अमोनियाची असायची, निळसर. डोळ्यांतून पाणी यायचं. आता दुकानात स्कॅन करून देतात, वास नाही. गुंडाळी घेऊन कुर्डुवाडीला गेलो. मामेभावाच्या ओळखीचे एक काका तिथं राहतात, ऐंशीच्या पुढचे, छोट्या लाईनवर फायरमन म्हणून लागले होते. लाईन आता सगळी ब्रॉडगेज झाली. काकांनी अंगणात बाजेवर कागद पसरला, चार कोपऱ्यांना चार गोष्टी ठेवल्या: पानाचा डबा, तांब्या, माझा मोबाइल आणि एक चप्पल. बराच वेळ बोलले नाहीत. बोट पुढच्या टाकीवरून निघून धुराड्याकडे, तिथून भट्टीकडे, मग परत. मी रिव्हेटबद्दल काहीतरी सांगायला लागलो तर हातानं थांबवलं.

“राख कुठनं काढायची?”

भट्टीखाली राखेची पेटी होती. तिला हवेच्या झडपा होत्या. दार नव्हतं. सहा महिने, दोनशे ओळींचं कोष्टक, ४७० चौरस फूट, आणि राख बाहेर काढायला वाट नाही. बंबाला असते! आमच्या आईच्या बंबालासुद्धा होती.

“आन् ह्ये दार उघडा बरं.” बोट धुराच्या पेटीवर, अगदी तोंडाशी. साडेतीन फुटी गोल दार. “रोज सकाळी ह्ये उघडायचं, आतली बारीक राख फावड्यानं वढायची. उघडा.”

मी मनातल्या मनात दार उघडलं. धुराची पेटी आणि पुढची टाकी यांत मी अंतर ठेवलं होतं दोन फूट. दार अर्धं उघडून टाकीला आपटलं.

काका हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. चहा आला. मग त्यांनी फायरमनच्या कामाचं सांगितलं, पहाटे तीनला कसं उठायचं, जाळीवरचा राखेचा चिक्का कसा फोडायचा, कोळशात दगड निघाले की ड्रायव्हरच्या शिव्या कशा खायच्या. त्यातलं बरंचसं या ड्रॉइंगशी संबंधित नाही, पण मी परतीच्या गाडीत वहीत लिहून घेतलं.

टाकी कापली. मागच्या बाजूनं दीड फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच. १८ घनफूट, म्हणजे ११२ गॅलन पाणी गेलं. कोष्टक पुन्हा उघडलं. पाणी गेलं म्हणजे वजन गेलं, वजन गेलं म्हणजे पकड. ४.२ चं ४.१ वर आलं. चारच्या वर आहे, चालेल. कोपऱ्यातला खाच पाडलेला भाग दिसायला जरा विचित्र होता. आता मी गॅरेटांचे खरे फोटो बघायची स्वतःला परवानगी दिली, तर बऱ्याच टाक्यांना त्या जागी असाच काहीतरी उतार नाहीतर खाच. राखेच्या पेटीला दोन्ही बाजूंना दारं आणि खाली खेचायचा दांडा. ब्लेड, नख, शाई. रिव्हिजनच्या रकान्यात तारीख टाकून लिहिलं: ‘राखेची दारं जोडली, पुढची टाकी कापली.’

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात शीर्षकाचा चौकोन असतो. ‘काढणार’ तिथं माझी सही होती. ‘तपासणार’ हा रकाना कोरा होता. कारखान्यात तो कोरा ठेवून ड्रॉइंग खाली शॉपवर पाठवलं तर मेमो मिळायचा.

महिन्यानं पुन्हा कुर्डुवाडी. तीच बाज, तोच पानाचा डबा. काकांनी दार उघडून बघितलं, म्हणजे बोटानं अर्धगोल काढला, मान हलवली. राखेच्या दारांवर बोट टेकवलं, पुन्हा मान हलवली. मी ०.३५ चं पेन टोपण काढून त्यांच्या हातात दिलं आणि रकाना दाखवला. त्यांनी पेन उलटसुलट करून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदाच्या इतकं जवळ वाकले की मला वाटलं आता सही करतात.

“पाणी भरायला टाकीवर चढायचं कुठनं?” पेन माझ्या हातात परत देत ते म्हणाले. “शिडी कुठाय?”